आपल्याच दाराची बेल

किब्बे निवत चालले होते आणि पाहुणे त्यांना हात लावायला तयार नव्हते.

बरं, ते किब्बे काही साधेसुधे नव्हते. सुलेखा कर्णिकने चार महिने त्यांच्यापायी जीव काढला होता. बारीक दलिया आणि खिमा एकत्र वाटून त्याची पारी करायची, आत अक्रोड घातलेलं खिम्याचं सारण भरायचं, दोन्ही टोकं निमुळती करायची आणि तळायचं. पारी जाड राहिली की घशाखाली उतरत नाही, पातळ झाली की तेलात फुटते. गणपतीत जिच्या मोदकांना सिंगापूरच्या अख्ख्या ईस्ट कोस्टात तोड नव्हती, त्या सुलेखाचे पहिले किब्बे कढईत असे काही फुटले होते, की लेक आर्या तिच्या सिंगापुरी वळणात म्हणाली, "आई, हे तर सूप झालं, लाह." त्यानंतर दर शनिवारी रीम, मुलाने, यशोधनने, लग्नासाठी निवडलेली मुलगी, यायची, ओट्यावर फोन स्पीकरवर ठेवायची आणि तिकडून, म्हणजे हलबहून, ज्याला आपण नकाशात अलेप्पो म्हणून ओळखतो तिथून, तिची आई हनान ओरडायची, "बोट गार पाण्यात बुडव! गार म्हटलं ना मी!" सुलेखाला त्या बाईचा आवाज आवडायला लागला होता. न पाहिलेल्या माणसाने इतक्या हक्काने ओरडावं याची तिला मोठी गंमत वाटायची.

आणि आज ती हनान समोर बसली होती. काळा झगा, गळ्यात मोत्यांचा एकच सर, पाठ ताठ. शेजारी तिचा भाऊ जॉर्ज. रीमचे वडील गेल्यापासून हा मामाच घरातला कर्ता पुरुष. मिशा भरघोस, आणि सिंगापूरच्या भर दुपारी अंगात कोट. दोघं तोंडात गुळणी धरल्यासारखी बसली होती. फोनवरची ती बाई कुठे गेली, कोण जाणे.

"किब्बे घ्या ना अजून," सुलेखा इंग्रजीत म्हणाली.

"नको, नको. खूप झालं," हनान म्हणाली. तिच्या ताटात द्राक्षाच्या पानाची एक गुंडाळी होती, तीही अर्धीच.

"मामा, तुम्ही?"

"थँक यू. पोट भरलं."

सुलेखाचा हात वाडग्याकडे आपोआप गेला. समोरून यशोधनने डोळे मोठे केले. हात परत आला.

कारण घरात हुकूम निघाला होता. हुकूम यशोधनचा आणि त्याला बापाचा पाठिंबा. "आई, आज आग्रह नाही हं. एकदा विचारायचं, नको म्हणाले की विषय संपला. बाहेरच्या लोकांना त्याचं प्रेशर येतं." फार पूर्वी नवऱ्याच्या, निशिकांतच्या, ऑफिसातल्या साहेबांना सुलेखाने पुरणपोळ्यांचा असा काही आग्रह केला होता, की ते दुसऱ्या दिवशी कामावर आले नव्हते. ती गोष्ट या घरात दर दिवाळीला निघायची आणि सगळे पोट धरून हसायचे. सुलेखाही हसायची, पण तिला ते टोचायचं. आज तिने ठरवलं होतं, जीभ आवरायची. मुलाच्या सुखाचा प्रश्न होता.

टेबलाच्या टोकाला निशिकांतची थोरली बहीण अनघा बसली होती. सुलेखाच्या या वन्सं ठाण्याहून दोन महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि आल्या आल्या चपलासुद्धा न काढता म्हणाल्या होत्या, "परदेशी मुलगी, त्यात ख्रिस्ती. मी लग्नाला उभी राहायची नाही, सांगून ठेवते." गुरूंचा अनुग्रह घेतल्यापासून त्यांनी मटण-मासे सोडले होते. कर्णिकांच्या घरात जन्मून मटण सोडणं ही काही साधी गोष्ट नव्हे, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. त्यांच्या पानात रीमने सकाळीच येऊन केलेल्या, भाताच्या सारणाच्या गुंडाळ्या होत्या. त्या मुकाट्याने जेवत होत्या आणि पाहुण्यांच्या ताटांवर त्यांची नजर होती.

"मी पाणी आणते," म्हणून सुलेखा उठली. जग काठोकाठ भरलेला होता. यशोधन तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"आवडलं नाही रे त्यांना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अर्धी गुंडाळी खाल्ली त्या बाईने. अर्धी! मी पहाटेपासून..."

"आई, जेवणाचं सोड. बाबांनी लग्नाचा विषय काढला तर मामा म्हणतात, इथली हवा छान आहे." यशोधन ओट्याला टेकला. बँकेत भल्याभल्यांना गप्प करणारा हा मुलगा, पण त्याचा चेहरा दहावीच्या निकालादिवशी होता तसा झाला होता. "मंगळवारी परत जातायत ते. रीमचं पण तिकीट काढलंय. तिचं लॅबमधलं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय, इथे राहायचा पास पण संपणार. एकदा ती तिकडे गेली ना, की झालं. मामांच्या भागीदाराचा मुलगा आहे हलबमध्ये. आज ते हो म्हणाले नाहीत तर कधीच म्हणणार नाहीत."

"रीम काय म्हणते?"

"ती म्हणते, आईच्या मनाविरुद्ध नाही करणार. आणि तिने तसं केलं तर मलाच आवडणार नाही."

शहाणा आहे माझा मुलगा, सुलेखाला वाटलं, आणि या शहाणपणाचं आता काय लोणचं घालायचं, असंही वाटलं.

तेवढ्यात बाहेरून खणखणीत आवाज आला. अस्सल मराठीत.

"अहो, हे काय जेवणं झालं? चिमणी तरी बरी!"

दोघं धावली. बघतात तर अनघावन्सं खुर्ची सरकवून उभ्या, एका हातात किब्ब्यांचं वाडगं. ज्या मांसाचा वास सहन होत नाही म्हणून त्या टोकाला जाऊन बसल्या होत्या, त्याच मांसाचं वाडगं धरून त्या मामांच्या डोक्यावर उभ्या होत्या. मामांनी ताटावर आडवा हात धरला होता.

"नो, नो, मदाम!"

"नो नो काय? हात काढा आधी. सिस्टर बोलती है, खाना पडेगा!"

"आत्या!" यशोधन ओरडला.

"तू गप रे. माणसं घरात येऊन उपाशी उठतायत आणि तुम्ही इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा मारताय. मुलीचा मामा आहे ना हा? मग त्याचा मान केवढा!" बोलता बोलता त्यांनी मामांचा हात चुकवून दोन किब्बे ताटात टाकलेसुद्धा.

मामांनी छातीवर हात ठेवला, मान तुकवली आणि एक किब्बा उचलून अख्खा तोंडात घातला. मग दुसरा. मग त्यांनी ताट चक्क पुढे केलं. मिशांच्या खाली पहिल्यांदाच हसू दिसलं.

वन्सं हनानकडे वळल्या. हनान नको म्हणाली. वन्संनी वाडगं पुढे केलं. ती पुन्हा नको म्हणाली. वाडगं तिथेच. मग मात्र हनानने सुस्कारा सोडला, ताट उचलून धरलं आणि सुलेखाकडे बघून म्हणाली, "तू एकदाच विचारलंस. मला वाटलं, आम्ही लवकर उठावं अशी तुझी इच्छा आहे."

रीमने कपाळाला हात लावला. "काकू, आमच्याकडे पहिल्यांदा हो कुणीच म्हणत नाही! मला तर तुम्ही नेहमी बळेबळे वाढता. मला वाटलं, तुम्हाला हे सांगायची काय गरज!"

"यशोधन," सुलेखा अगदी शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे मी नंतर बघते."

आणि मग तिने पदर खोचला. चार महिन्यांची मेहनत आणि सकाळपासून दाबून ठेवलेला आग्रह एकदम बाहेर पडला. आंबट चेरीच्या रसातले कबाब आले, अक्रोड आणि लाल मिरचीची ती डाळिंबाच्या रसातली चटणी आली, मुहम्मरा म्हणतात तिला. एकच घ्या, माझ्यासाठी घ्या, हे तर तुम्ही चाखलंच नाही. हनान नको म्हणायची आणि खायची. मामा नको म्हणायचेसुद्धा नाहीत.

जेवणं रंगली म्हणून निशिकांतला धीर आला. तो घसा खाकरून म्हणाला, "मग मामा, मुलांचं आता काय करायचं?"

मामांनी मिशा पुसल्या. नॅपकिनची घडी घातली.

"मिस्टर निशिकांत, मी तुमचं मीठ खाल्लंय, तेव्हा सरळ बोलतो. मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. पण आमच्याकडे मुलीला मागणी घालायची तर तिच्या दारात येतात. आम्ही दार उघडतो, आत घेतो, कॉफी देतो. तुमच्यातलं मोठं माणूस तोंडाने मागतं आणि आम्ही हो म्हणेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही. मुलाच्या घरी येऊन, पोटभर जेवून, मुलगी देऊन टाकायची?" त्यांनी मान हलवली. "उद्या लोक म्हणतील, बाप नव्हता म्हणून पोरगी एका जेवणावर देऊन आले. माझ्या बहिणीला मी ते ऐकू देणार नाही. तुम्ही वसंतात हलबला या. तिथे आमचं दार आहे."

"पण रीमचं घर इथे क्वीन्सटाउनला आहे ना," यशोधन घाईने म्हणाला. "आम्ही तिथे येतो. आत्ता येतो."

"ते घर?" हनान म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "ती एक खोली आहे. घरमालकीण म्हणते, लाइट कुकिंग ओन्ली. अंडं उकडा, पाणी तापवा, बस. मी हलबहून कॉफीचं भांडं आणलं, वेलदोडा घालून कुटलेली कॉफी आणली. परवा शेगडी पेटवली तर ती बाई दारात येऊन उभी राहिली. भांडं अजून माझ्या पिशवीत आहे." तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीवर हात ठेवला. "मी या शहरात आले, तुम्हाला आधी मी बोलवायला हवं होतं. मुलीच्या सासरच्यांना मी एक कप कॉफी देऊ शकत नाही. मग मी कसली आई?"

जॉर्जमामा रस्त्याकडच्या खिडकीकडे बघत राहिले. रीमने मान खाली घातली.

सुलेखाला त्या क्षणी हनानची इतकी माया आली, की उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. हे जेवण आवडलं नाही म्हणून मी रडत होते, आणि ही बाई आपल्याला जेवू घालता येत नाही म्हणून आतल्या आत झुरत होती. दुसऱ्याच्या ताटात कितीही पक्वान्नं असोत, आपल्या हातात वाढायचा डाव नसला की बाईचं मन भरत नाही, हे सुलेखाला कुणी शिकवायला नको होतं.

ती उठली. दाराशेजारच्या खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि हनानच्या हातावर ठेवला.

"हे काय?" हनान म्हणाली.

"घर. आजच्या दिवस तुमचं. हे स्वयंपाकघर, हे टेबल, सगळं. शेगडी कितीही मोठी पेटवा, कुणी दारात येऊन उभं राहणार नाही." मग ती घरच्यांकडे वळली. "चला, उठा. चपला घाला."

"कुठे निघालो?" निशिकांतने विचारलं. तो बापडा अजून कबाब खात होता.

"खाली. आपण अजून आलोच नाही."

"आई, सीरियस आह?" आर्या म्हणाली, पण तिच्या चपला घालूनसुद्धा झाल्या होत्या.

"हा काय पोरखेळ मांडलायस, सुलेखा!" अनघावन्सं कडाडल्या. "आपल्याच घरातून आपण बाहेर जायचं?"

"वन्सं, तुम्ही मला बघायला परळला आला होतात, आठवतं? ते घर तरी कुठे आमचं होतं?"

"म्हणजे?"

"आमचं रेल्वेचं क्वार्टर एका खोलीचं. तुम्हाला बसवायला जागा नव्हती. शेजारच्या शुभदाकाकूंनी आपलं घर दिलं आणि स्वतः नवऱ्या-मुलांना घेऊन दिवसभर बाहेर राहिल्या. माझ्या आईने तुम्हाला तिथे पोहे दिले."

"आणि तो पितळी कड्यांचा झोपाळा?"

"शुभदाकाकूंचा."

"अगंबाई!" वन्सं खुर्चीत टेकल्या. "त्या झोपाळ्याकडे बघून तर मी होकार दिला होता!"

निशिकांतला हसू आवरेना. वन्संनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मुकाट्याने चपला शोधायला गेला. जाता जाता मात्र वन्संनीही पर्स उचलली.

रीम मागे राहिली. ती आता मुलीकडची होती.

खाली लॉबीत दिवसाचा गार्ड बसला होता. कर्णिकांचं सगळं बिऱ्हाड जेवणवेळेला, जरीच्या साड्या नेसून, काहीच कारण नसताना खाली आलेलं पाहून तो म्हणाला, "काय हो आँटी, किल्ली आत राहिली?"

"नाही, आम्ही पाहुणे आलोय," आर्या म्हणाली.

"रिकाम्या हाताने जायचं का?" सुलेखाला आता एकेक सुचत होतं. आर्याला तिने पोहण्याच्या तलावाजवळच्या मिनीमार्टमध्ये पिटाळलं. ती अननसाच्या टार्टचा डबा घेऊन आली. यशोधन आणि निशिकांत लिफ्टपाशी येरझारा घालत होते. वन्सं बाकावर बसल्या होत्या. सुलेखा त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"वन्सं, मागणी मोठ्या माणसाने घालायची असते. तुम्ही सगळ्यांत मोठ्या."

"मी? मी विरोधात आहे, विसरलीस का?"

"नाही विसरले."

"निशीने घालावी. मुलाचा बाप आहे तो."

"त्याला तुम्ही वाढवलंत. तुम्ही बसलेल्या असताना तो बोलला तर मामांना वाटेल, घरातल्या मोठ्या बाईला हे मान्य नाही. आणि ते खरंच असेल."

वन्संनी पर्सची चेन उघडली, बंद केली. "मी काही वचन देत नाही," त्या म्हणाल्या. "वर येते. कॉफीचा वास तरी बरा असेल."

लिफ्टमध्ये सुलेखाच्या मनात नको नको ते येत होतं. वन्सं गप्प राहिल्या तर? कॉफी पिऊन मोकळ्या झाल्या तर? ती किल्ली, ते खाली जाणं, सगळ्याचं हसं होईल आणि मंगळवारी विमान उडून जाईल. तिने स्वतःच्याच दाराची बेल दाबली. तिच्याजवळ नेहमी किल्ली असायची, त्यामुळे आपली बेल बाहेरून कशी ऐकू येते हे तिला ठाऊकच नव्हतं.

दार उघडलं. मामांनी कोटाची सगळी बटणं लावली होती.

"अहलन व सहलन! तफद्दलू, तफद्दलू!" त्यांनी दोन्ही हात पसरले. मघाशी याच दारातून अवघडून आत आलेला माणूस हाच का, असं वाटावं इतका त्यांचा आवाज मोकळा लागला होता.

आत वेलदोड्याचा घमघमाट सुटला होता. खुर्च्या भिंतीशी सरकवलेल्या, टेबल नव्याने मांडलेलं. हनानने कमरेला सुलेखाचाच एप्रन बांधला होता आणि वरच्या कपाटातला दिवाळीचा खास सेट खाली काढला होता. सुलेखाचा जीव क्षणभर वरखाली झाला. तो सेट ती स्वतःसुद्धा स्टुलावर चढून देवाचं नाव घेत काढायची. पण पाहुण्याने कपाटाबद्दल बोलू नये.

हनानने टार्टचा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि सुलेखाला सोफ्यावर मधोमध बसवलं. सवयीने सुलेखा लगेच उठली, "मी गरम करते ते..."

"बस!" फोनवरचा तोच आवाज. "तू पाहुणी आहेस."

सुलेखा बसली. या घरात राहायला आल्यापासून ती अशी कधी बसलीच नव्हती. सोफ्यावरून बाल्कनीपलीकडच्या समुद्राची एक निळी पट्टी दिसायची, आणि तीही तिने आजच पाहिली. हनान वाढत होती, मामा पाणी देत होते, आणि सुलेखाला इतकं बरं वाटत होतं की तिला रडू येईल असं वाटलं.

हनानने तिच्या ताटात दोन किब्बे वाढले.

"नको, नको, पोट भरलंय," सुलेखा म्हणाली. आता तिला नियम ठाऊक होता.

"घे गं. माझ्यासाठी."

सुलेखाने घास घेतला. "छान झालेत. कुणी केलेत?"

"माझ्या मैत्रिणीने," हनान गंभीरपणे म्हणाली. "हात चांगला आहे तिचा. फक्त दलिया अजून थोडा भिजायला हवा होता."

मग रीम तबक घेऊन आली. छोटे छोटे पेले, काळीभोर कॉफी, वर फेस. पेले तबकात किणकिणत होते. प्रत्येकासमोर एकेक पेला आला. निशिकांतने आपला उचलला. आर्याने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की त्याने तो तसाच खाली ठेवला.

आता सगळे अनघावन्संकडे बघायला लागले.

वन्संनी पेला उचलला. नाकाजवळ नेला. डोळे मिटून वास घेतला. ओठांजवळ नेला. सुलेखाने सोफ्याची कड घट्ट धरली. पितात आता या. पिऊन टाकणार.

वन्संनी पेला बशीत ठेवला. बशी बोटाने पुढे सरकवली.

"यशोधन, मी बोलते ते सांग यांना. नीट सांग, आपल्या पदरचं घालू नकोस." त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. "सांग, मी अनघा. आमची आई लवकर गेली, या निशीला मी वाढवला. हे लग्न मला पसंत नव्हतं. आले त्या दिवशीच बोलले होते, मला लपवाछपवी जमत नाही. पण आज सकाळी या रीमने माझ्या गुंडाळ्या नव्या भांड्यात, निराळ्या चुलीवर केल्या. डावसुद्धा वेगळा ठेवला. मला न सांगता. मी दारातून बघत होते. माझ्या नेमाची एवढी काळजी माझ्या घरच्यांनी कधी घेतली नाही."

"ताई..." निशिकांत म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. सांग यांना, यशोधन. तुमची रीम आम्हाला द्या. हो म्हटल्याशिवाय मी या कॉफीला हात लावणार नाही. आणि मला कॉफी फार आवडते, तेव्हा काय ते लवकर सांगा."

यशोधनने सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मामांनी हनानकडे पाहिलं. हनानने रीमकडे पाहिलं. रीम रिकामं तबक छातीशी धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून सरळ पाणी वाहत होतं.

हनान उठली, वन्संचा पेला उचलून स्वतःच्या हाताने त्यांच्या हातात दिला.

"प्या," ती म्हणाली. "गार झाली तर माझ्या घराला नाव ठेवाल."

मग काय विचारता! मामांनी यशोधनला उभा करून दोन्ही गालांचे मुके घेतले, मग निशिकांतचे घेतले, आणि निशिकांत लाजून नुसता लाल झाला. आर्याने रीमला मिठी मारली, तबक खाली पडलं, आणि दिवाळीच्या सेटमधलं काही फुटलं नाही हे सुलेखाने त्या गडबडीतही बघून घेतलं. वन्संनी पेला तळापर्यंत संपवला आणि तोंड वाकडं केलं. "खाली चक्क गाळ आहे गं! पण वास काय सुरेख!"

गलका जरा निवाला तेव्हा हनानने एप्रनच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सुलेखापुढे धरला. "घे. दिवस संपला."

सुलेखाने तिची बोटं त्या किल्ल्यांवर मिटवली. "राहू दे तुमच्याकडे. लग्न झाल्यावर रीम रुसून आली तर कुठे जाणार? तिचं माहेर नको का इथे?"

हनानला तो शब्द कळला नाही. यशोधन इंग्रजी शब्द शोधायला लागला आणि अडला. मुलीच्या आईचं घर म्हणावं, तर तेवढंच नाही. वन्सं म्हणाल्या, "अरे सांग की, जिथे बाई दुपारी आडवी होऊ शकते." त्याने तेही सांगून पाहिलं. तेव्हा रीम डोळे पुसत म्हणाली, "थांबा. आमच्यात आहे शब्द," आणि आईला म्हणाली, "बेत अहली."

हनान किल्ल्यांकडे बघत राहिली. "बेत अहली," ती हळूच म्हणाली. माझ्या माणसांचं घर. मग तिने पायाशी ठेवलेली पिशवी उघडली, हलबहून आणलेली आणि आता रिकामी झालेली, त्यात किल्ल्या टाकल्या आणि चेन ओढून घेतली.

सुलेखा पेले गोळा करायला उठली.

"अगं, इतक्यात कुठे निघालीस?" हनान म्हणाली आणि तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस अजून."